जावयाच्या रिपोर्टातला एक बदल

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार. पत्र आणि सोबतचा रिपोर्ट दोन्ही मिळालं. तुझ्या जपानी जावयाच्या आरएनएफ२१३ या जनुकात एक बदल निघाला आणि पुढे 'मोयामोया' हा शब्द वाचून घरात सगळ्यांची झोप उडाली, हे समजलं. 'आहे की नाही ते एका शब्दात सांग' असं तू लिहिलंयस. बदल आहे. रोग असेलच असं नाही. या दोहोंमध्ये किती अंतर आहे, हे मोजण्यातच तिकडच्या संशोधकांची वर्षं गेली आहेत.

आधी रोग. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्यांना कवटीच्या आत जिथे फांद्या फुटतात, तिथे त्या हळूहळू अरुंद होत जातात. रक्ताला वाट मिळावी म्हणून आजूबाजूला बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उगवतं. अँजिओग्राफीत ते ओल्या लाकडाच्या धुरासारखं दिसतं, म्हणून १९६९ मध्ये सेंदाईच्या डॉक्टरांनी त्याला मोयामोया म्हटलं. मुलांमध्ये हा रोग विचित्र रीतीने उघडा पडतो. गरम नूडल्सवर फुंकर घातली, शाळेत बासरी वाजवली किंवा हमसून रडलं, की एक हात लुळा पडतो आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतो. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने मेंदूतल्या वाहिन्या आकसतात, आणि आधीच तुटपुंजा असलेला पुरवठा तेवढ्यापुरता बंद पडतो. मोठ्यांमध्ये मात्र पुष्कळदा थेट रक्तस्रावच होतो.

२०११ मध्ये जपानमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे हे जनुक पकडलं. प्रथिनाच्या साखळीत ४८१० व्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन बसतं, एवढाच तो बदल. रुग्णांची घराणी तपासली तर जवळजवळ प्रत्येक घराण्यात तो सापडला. घराण्यात दुसरं कुणी आजारी नसलेल्या रुग्णांतही चारांपैकी सुमारे तिघांत होता. इथवर वाचलं की कुणीही घाबरेल. पण त्याच तुलनेत निरोगी लोकही तपासले होते, आणि त्यांच्यातही शंभरात एक-दोघांत तो होता. आता कागद घे. एक लाख जपानी माणसं धर. त्यांत वाहक, म्हणजे हा बदल अंगात असलेले, साधारण चौदाशे. मोयामोयाचे रुग्ण लाखात ६ ते १०, आणि त्यांतले दहापैकी आठ या बदलाचे धरले तर पाच ते आठ. म्हणजे पावणेदोनशे ते तीनशे वाहकांमागे एक रुग्ण. लक्षणं नसलेले रुग्ण एमआरआयमध्ये सापडू लागलेत, त्यामुळे हा आकडा थोडा वर सरकेल. तरीही बहुसंख्य वाहक हा बदल घेऊन म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात.

मग घराण्यांच्या अभ्यासात चित्र इतकं भयंकर का दिसतं? कारण तिथे घराणी रुग्णामुळेच गोळा होतात. ज्या घरात बदल आहे पण कुणी आजारी पडलं नाही, ते घर दवाखान्यात येतच नाही. माझ्या मते या शास्त्रातली सर्वांत महागडी चूक हीच.

ती टाळायची तर त्याच समाजातली, आजारावरून न निवडलेली माणसं मोठ्या संख्येने लागतात. बायोबँक जपान २००३ मध्ये सुरू झाली, पहिल्या फेरीत सुमारे दोन लाख लोकांचं रक्त जमलं. पण ते सगळे ४७ रोगांपैकी कुठल्या ना कुठल्या रोगाचे रुग्ण. तिथे मधुमेहाच्या तुलनेला घेतलेला 'निरोगी' माणूस कर्करोगाचा रुग्ण असू शकतो. ही उणीव तोहोकू मेडिकल मेगाबँकेने बरीच भरून काढली. २०११ च्या भूकंपानंतर मियागी आणि इवाते या प्रांतांत ती उभी राहिली. तिच्यात दीड लाख लोक आहेत आणि काही कुटुंबांच्या तर तीन-तीन पिढ्या. तिच्या जीनोम पॅनेलमुळे, म्हणजे तिथल्या लोकांच्या जनुकीय बदलांच्या यादीमुळे, एखादा बदल जपानमध्ये खरोखर दुर्मीळ आहे, की फक्त युरोपच्या यादीत नाही म्हणून दुर्मीळ वाटतोय, हे लगेच कळतं.

अर्थात, तोहोकू म्हणजे अख्खा जपान नव्हे. जनुकीय नकाशावर मुख्य बेटांचे लोक आणि ओकिनावाचे लोक असे दोन पुंजके वेगळे दिसतात. रुग्ण ओकिनावातल्या नाहा शहरातून जास्त आणि तुलनेचे लोक तोक्योतून घेतले, तर रोगाशी काडीचा संबंध नसलेले शेकडो बदल 'दोषी' ठरतात. म्हणून आधी सॅम्पल गाळतात. वाचन अपुरं असलेले नमुने काढतात, लिंग जुळत नाही ते काढतात (ट्यूबची अदलाबदल बहुतेक वेळा इथेच पकडली जाते), जवळचे नातेवाईक काढतात, मग पुंजके पाहून हिशेब दुरुस्त करतात. एवढं सगळं झाल्यावरच संबंध शोधायला बसायचं.

तू विचारलंस, 'बाकी सगळं नॉर्मल' म्हणजे सुटलो ना? इथे जरा थांब. फुकुयामा स्नायुदुर्बलता हा जपानचा खास रोग. १९६० मध्ये वर्णन झालं, १९९८ मध्ये जनुक सापडलं. सुमारे शंभर पिढ्यांपूर्वी एका पूर्वजाच्या जनुकाच्या शेपटीत तीन हजार अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसला आणि तो आज सुमारे ९० जपानी माणसांमागे एकात आहे. दोघंही वाहक असण्याची शक्यता ९० गुणिले ९०, म्हणजे ८१०० जोडप्यांत एक. त्यांच्या मुलाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, म्हणून ३२,४०० जन्मांमागे एक बाळ. गोम अशी की नेहमीची एक्सोम तपासणी हा तुकडा बहुधा चुकवते. ती प्रथिनाचा मजकूर असलेला भाग छोट्या-छोट्या तुकड्यांत वाचते, आणि हा उपरा बसलाय मजकुराच्या बाहेर, शिवाय त्याच्यासारखी आवर्तनं जीनोममध्ये ठिकठिकाणी आहेत. त्याला वेगळी पीसीआर लागते. जपानी जोडप्याच्या रिपोर्टात ती केलीय की नाही हे विचारायलाच हवं.

तुमच्या घरी मात्र ही काळजी जवळजवळ नाही. तो तुकडा जपानबाहेर क्वचितच सापडतो, आणि त्याची बायको, आपली अश्विनी, कऱ्हाडची. आरएनएफ२१३ चा बदलही आपल्याकडे फारच दुर्मीळ. म्हणजे त्यांच्या बाळाला वडिलांकडून हा बदल असलेली एक प्रत मिळण्याची शक्यता निम्मी, आणि लहानपणीच गंभीर रूप घेणारी दोन प्रतींची स्थिती येण्याची शक्यता जवळपास शून्य.

रिपोर्टच्या तिसऱ्या पानावरची एनयूडीटी१५ ची ओळ मात्र वाया घालवू नकोस. अॅझाथायोप्रिन हे औषध आतड्याच्या दाहावर देतात. या जनुकातल्या एका बदलाच्या दोन्ही प्रती असतील, आणि शंभरात सुमारे एका जपानी माणसात त्या असतात, तर काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात आणि केस मुठीने गळतात. म्हणून जपानमध्ये २०१९ पासून औषध सुरू करण्याआधी ही तपासणी विम्यातून होते. जावयाची एक प्रत आहे. कधी हे औषध द्यायची वेळ आली तर डोस कमी ठेवून रक्त वारंवार तपासावं लागेल. कागद जपून ठेवायला सांग. हा बदल आपल्याकडेही सापडतो, हेही लक्षात असू दे.

आता मोयामोयाचं. लक्षणं नाहीत, घराण्यात रुग्ण नाही, तर केवळ वाहक आहे म्हणून गोळ्या किंवा शस्त्रक्रिया नाही. याच बदलाने मेंदूच्या धमन्या साध्या अरुंद होण्याचा आणि पक्षाघाताचा धोकाही काहीसा वाढतो, म्हणून सिगारेट बंद आणि रक्तदाब ताब्यात. एकदा एमआर अँजिओग्राफी करायची का, हे तिथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या आनुवंशिक समुपदेशन विभागात ठरेल. तिथे जाण्याआधी त्याच्या आईला विचारून ठेवा, पन्नाशीच्या आत कुणाला पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला होता का. आजोबा 'अचानक गेले' असं तू लिहिलंयस. वय किती होतं, आणि आदल्या दिवशी डोकं दुखत होतं का, तेवढं कळव.

तुझा,
विनायक