दाणे बंद करायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या श्रावणात आमच्या परसात एक होला पिसं फुलवून बसला होता. जवळ गेलं तरी उडेना. आदल्या दिवशी असाच एक पेरूखाली मरून पडलेला. मी रडवेली होऊन तुमच्या दारात आले आणि तुम्ही हातातला चहा तसाच ठेवून चपला घातल्यात.

तुम्ही रागावला नाहीत. ताटलीतली ज्वारी काडीनं उकरून दाखवलीत. वरचे दाणे चांगले. खाली भिजून गोळा झालेला, त्यावर करडी बुरशी आणि त्यातच विष्ठा. मी रोज जुन्यावरच नवी मूठ टाकत होते.

"दोन-तीन आठवडे दाणा-पाणी बंद ठेव. आजारी पाखरू जिथं खातं, पितं, तिथनंच बाकीच्यांना लागण होते." पाखरं उपाशी राहतील म्हणून माझा जीव तुटत होता. तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात गवताचं बी आहे, किडे आहेत. त्यांचं काय अडत नाही बघ." मग हातमोजे घालून ताटली साबणानं घासलीत, कडक उन्हात पालथी घातलीत.

तेव्हापासून दुपारपर्यंत संपेल एवढीच ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी टाकते. उरलेलं झाडून काढते. फरसाण आणि चटणी लागलेली भाकरी पूर्ण बंद, मिठामुळं. खवट शेंगदाणेही नाहीत. मांजर दबा धरायचं त्या मेंदीच्या कुंपणापासून ताटली चांगली आठ फूट लांब सरकवली. आपल्या सोलापूरचा पारा मे महिन्यात त्रेचाळीसच्या पुढं गेला, तेव्हा सावलीत मातीचं परळ ठेवलं. दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड. रोज घासून दोनदा बदललं, त्यामुळं डासांच्या अळ्याही झाल्या नाहीत.

पिल्लांना दाणे नाही, किडे लागतात, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून वांग्यांवर औषध मारणं सोडलं. परवा त्याच वांग्यावरची हिरवी अळी चोचीत धरून चिमणी वळचणीत शिरली आणि आत एकदम चिवचिवाट उठला. मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते. तुम्हाला लगेच हाक मारावीशी वाटली.

त्या दिवशी तुम्ही दाणे बंद करायला लावलेत, ते उपकार मी विसरणार नाही. मनापासून आभार, काका. रविवारी सकाळी परसात या. तुमचा तेव्हाचा चहा राहिलाय.

तुमची शेजारीण
जुळे सोलापूर