छुप्या जाहिरातींना चाप लावा
यूट्यूब-इन्स्टाग्रामवरचे लोकप्रिय चेहरे ‘मी रोज हेच लावते’ म्हणत क्रीम दाखवतात आणि त्यासाठी मिळालेल्या मोबदल्याचा उल्लेख मात्र वर्णनाच्या तळाशी दडवतात, ही प्रेक्षकांची उघड फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा खुलासा व्हिडिओच्याच भाषेत, दिसेल आणि ऐकू येईल असा हवा. त्यातच एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की अल्गोरिदम तशाच व्हिडिओंची रांग लावतो, आणि शाळकरी मुलींना तर असा व्हिडिओ मैत्रिणीचा सल्लाच वाटतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तक्रारीची वाट न पाहता ती वापरावी.
– एक पालक, सातारा