स्टेंट औषधाचा असला तरी गोळ्या सुटत नाहीत

संपादक महोदय,
स.न.

हृदयाची नस उघडी ठेवायला बसवलेल्या स्टेंटमध्ये, म्हणजे जाळीच्या बारीक नळीत, नस पुन्हा आवळली की घरचे दोनच गोष्टी विचारतात: डॉक्टरांनी फसवलं का, आणि नवा केवढ्याला पडेल? दांडिया बाजारात माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हे सतत कानावर येतं. फसवणुकीची शंका बहुतेक वेळा फोल असते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस-तीस जणांची नस पुन्हा अरुंद व्हायची, कारण जखम भरताना आत पेशी वाजवीपेक्षा जास्त वाढतात. औषध लावलेले स्टेंट आल्यावर हे प्रमाण दहाच्या आसपास किंवा त्याखाली आलं. आता जुन्या स्टेंटच्या आतच असा दुसरा बसवतात. किंमत म्हणाल तर लाखाच्या पुढे जाणाऱ्या या स्टेंटला सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 रुपयांची मर्यादा घातली. पुढे ती बदलत राहिली.

गोळ्यांचं मात्र कोणी विचारत नाही. स्टेंटवरचं सिरोलिमससारखं औषध पेशींची वाढ रोखतं, आणि त्यामुळेच धातूवर नसेचं अस्तर धरायलाही उशीर लागतो. उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. नस हळूहळू आवळली तर बहुधा छाती आधी दुखून सांगते. गुठळी तेवढी सवड देत नाही. म्हणून अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी गोळी बहुधा सहा महिने ते वर्षभर देतात, आणि अ‍ॅस्पिरिन त्यानंतरही.

आणि आमचं गिऱ्हाईक? ‘आता बरं वाटतंय, एकच द्या.’ कोणी चारच गोळ्या कापून मागतो, मग एक्स्पायरीची तारीख आमच्याकडच्या तुकड्यावर राहते. (महागाई कळते हो, पण काटकसर इथेच का?) एका काकांनी दाढ काढायची म्हणून दोन्ही गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. दुकानातूनच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. गोळ्या चालू ठेवूनच दाढ निघाली, रक्त थोडं जास्त वेळ आलं एवढंच.

स्टेंटची कंपनी, माप आणि तारीख लिहिलेलं कार्ड रुग्णाला मिळतं. ते बहुतेकांच्या फायलीत तळाशी पडलेलं असतं. बडोद्यातल्या इस्पितळांनी त्याच्या मागे गुजराती-मराठीत ठळक लिहून द्यावं: कोणती गोळी कोणत्या तारखेपर्यंत, आणि दात किंवा ऑपरेशनआधी फोन कोणाला करायचा.

आपला,
एक औषध दुकानदार
दांडिया बाजार, बडोदे