असईचा वेलस्ली आधी वेस्ली होता, आणि त्याआधी कॉली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत असईच्या लढाईवर (मराठे आणि इंग्रज, १८०३) लेख आला होता. लढाईचं वर्णन फार छान झालंय, कैलना नदीचा उतार वगैरे सगळं डोळ्यासमोर येतं, पण त्यात इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्लीला (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) "जुन्या इंग्रज वेलस्ली घराण्यातला" म्हटलंय ते बरोबर नाही, आणि मी जालन्याचा असल्यामुळे मला ते तसंच सोडून देववत नाही. माणूस डब्लिनचा, घराणं आयर्लंडचं, वडिलांच्या बाजूनं बघितलं तर तो वेलस्ली नव्हताच, आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये ३३ व्या पलटणीबरोबर कलकत्त्याला उतरला तेव्हा त्याचं आडनाव वेस्ली होतं.

जुन्या कागदांमधून हे अगदी स्पष्ट दिसतं. १७८७ मध्ये सैन्यात भरती झाला तो आर्थर वेस्ली म्हणून, १७९० मध्ये मीथ परगण्यातल्या ट्रिमहून आयरिश पार्लमेंटात निवडून गेला तोसुद्धा आर्थर वेस्ली म्हणूनच. मग १९ मे १७९८ च्या पत्राखाली पहिल्यांदा 'आर्थर वेलस्ली' अशी सही येते, आणि हे पत्र भारतातलं आहे! म्हणजे ज्या नावानं आपण त्याला ओळखतो, ज्या नावानं पुण्यात संगमावरच्या पुलाला वेलस्ली ब्रिज म्हणायचे, ते नाव तो लिहायला लागला तेच मुळी इथे आल्यावर आणि असईच्या फक्त पाच वर्षं आधी. थोरला भाऊ रिचर्ड त्याच्या आधीपासूनच वेलस्ली लिहीत होता, तो १७९८ मध्येच गव्हर्नर जनरल होऊन आला, त्यामुळे धाकट्यानंही तेच घेतलं असावं असं मला वाटतं. आता रिचर्डनं तरी का बदललं, तर दोन कारणं सांगतात. एक म्हणजे मध्ययुगात सॉमरसेटहून आयर्लंडला आलेलं मूळ घराणं वेलस्लीच लिहायचं, नंतर घासून घासून वेस्ली झालं, तर जुनं नाव लावलं की घराणं जुनं आणि मोठं दिसतं. दुसरं म्हणजे तेव्हा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे जॉन वेस्ली खूप गाजलेले होते आणि या सरदार लोकांना त्यांच्याशी आपलं नाव जोडलेलं नको होतं. मला पहिलं कारण जास्त पटतं.

पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. आर्थरचे आजोबा रिचर्ड कॉली. कॉली किंवा काउली, दोन्ही स्पेलिंग सापडतात, हे लोक आठव्या हेन्रीच्या काळापासून आयर्लंडमध्ये, किल्डेर परगण्यात कारबरीला. मीथमध्ये डँगनचे जमीनदार गॅरेट वेस्ली यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी म्हणे आधी जॉन वेस्लींचा भाऊ चार्ल्स याला दत्तक घ्यायचं ठरवलं होतं पण चार्ल्सनं नाही म्हटलं, आणि १७२८ मध्ये गॅरेट वारले तेव्हा सगळी इस्टेट मामेभावाकडे, म्हणजे रिचर्ड कॉलीकडे आली, अट एकच की आडनाव वेस्ली लावायचं. आपल्याकडे संस्थानात दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलायचं त्यातलाच प्रकार. म्हणजे रिचर्ड कॉलीचा रिचर्ड वेस्ली झाला, १७४६ मध्ये सरदारकी मिळून तो बॅरन मॉर्निंग्टन झाला, आणि त्याचे नातू वेलस्ली. तीन पिढ्यांत तीन आडनावं, सांगा कोणी कसं शोधायचं!

आणि नातवांचं तेवढ्यावर थांबलं नाही. विल्यम नावाच्या भावाला पोल घराण्याची इस्टेट मिळाली म्हणून तो वेलस्ली-पोल झाला. सगळ्यात धाकटा हेन्री, हाही रिचर्डबरोबर भारतात आला होता, त्याला १८२८ मध्ये सरदारकी मिळाली तेव्हा त्यानं किताब घेतला बॅरन काउली. आजोबांनी नाव सोडलं १७२८ मध्ये, नातवानं ते बरोबर शंभर वर्षांनी किताब म्हणून परत आणलं. मला या सगळ्या कहाणीत हेन्रीचं हे वागणं सगळ्यात जास्त भावलं.

हे सगळं आपल्याला कळतं कारण मंडळी जमीनदार होती, मृत्युपत्रं, खरेदीखतं, किताबांच्या सनदा सगळं मागे राहिलं. साध्या आयरिश शेतकऱ्याचं तसं नाही आणि नावं तर त्यांचीही बदलली. १४६५ मध्ये कायदाच झाला होता की डब्लिन, मीथ, लाउथ, किल्डेर या भागातल्या आयरिश लोकांनी इंग्रजी आडनावं घ्यायची, गावावरून, रंगावरून नाहीतर धंद्यावरून. मॅकगावनचे स्मिथ झाले, ओसलिव्हनचे नुसते सलिव्हन झाले, पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश भाषेची चळवळ आली तशी कितीतरी घरांनी तो 'ओ' परत लावला, मग एकाच घरात बाप सलिव्हन आणि मुलगा ओसलिव्हन. हा गोंधळ इतका होता की १८९० मध्ये रॉबर्ट मॅथेसन या जन्ममृत्यू नोंदणीच्या मोठ्या अधिकाऱ्यानं कुठल्या आडनावाच्या जागी कुठलं आडनाव लिहिलं जातं त्याची यादीच छापली, नोंदणी क्लार्क आणि लोकांना शोधायला सोपं जावं म्हणून. अशी यादी आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्याची असती तर वंशावळी शोधणाऱ्यांचे किती हाल वाचले असते.

त्यात भर म्हणजे ३० जून १९२२ ला आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं सरकारी दफ्तर जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. पुढच्या चार तर आधीच सरकारनं स्वतःच नष्ट केलेल्या, त्यामुळे आख्ख्या मिळतात त्या १९०१ पासूनच्या. हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं. पण जमिनीच्या व्यवहारांची नोंदणी करणारं रजिस्ट्री ऑफ डीड्स वेगळ्या इमारतीत होतं म्हणून वाचलं, तिथे १७०८ पासूनच्या नोंदी आहेत.

माझ्या तीन विनंत्या आहेत. आपण पुढच्या अंकात छोटीशी दुरुस्ती छापावी, आणि जे विद्यार्थी त्या काळातल्या कंपनीच्या कागदांवर काम करतात त्यांनी १७९८ च्या आधीचं काही बघताना सूचीत वेस्लीसुद्धा शोधावं, वेलस्ली नाही सापडला म्हणून फाइल मिटवू नये. आणि डब्लिनमध्ये आता नोकरीसाठी गेलेली आपली मराठी मुलंमुली पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कोणाला सुट्टीच्या दिवशी जमलं तर हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या त्या रजिस्ट्रीत कॉली आणि वेस्ली या दोन्ही नावांखाली १७२८ च्या आसपासचं काय आहे ते बघून यावं आणि आपल्याच पेपरात लिहावं, सगळ्यात आधी मीच वाचीन.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
जालना