हंसांवर बंदी घालण्याआधी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एका वाचकाने शेजारच्या घरातील दोन हंसांविषयी तक्रार मांडली होती. पहाटेची ओरड, वाटेने जाणाऱ्यांच्या अंगावर धावणे, शाळेला निघालेल्या मुलांना वाट बदलावी लागणे, असे सगळे त्यात होते. शेवटी त्यांनी मागणी केली होती की पंचायतींनी घराच्या आवारात हंस आणि बदके पाळायलाच बंदी करावी. तक्रार खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. मागणी मात्र चुकीची आहे असे मला कळकळीने वाटते, म्हणून हे पत्र. डिचोली तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, मी अकरा वर्षे ही पाखरे पाळते आहे. त्यांतली पहिली तीन वर्षे आमच्या दारातही तसाच एक हंस होता.

आपण ज्याला हंस म्हणतो तो खरे तर कलहंस. चोचीच्या मुळाशी गाठ असलेली, चिनी जातीची ही पाखरे घरोघरी दिसतात आणि ओरडण्यात ती सर्वांत पुढे असतात. माझ्या मुलाने बाजारातून ओंजळीत मावेल एवढे पिवळे पिल्लू आणले होते. एकच आणले, कारण एकच हवे होते. खोक्यात दिव्याखाली ते वाढले. मी विहिरीवर गेले की माझ्या मागून विहिरीवर, न्हाणीकडे गेले की न्हाणीच्या दाराशी. संध्याकाळी मांडीवर येऊन झोपायचे. येणारा-जाणारा कौतुक करायचा आणि आम्हाला वाटायचे, केवढा माणसाळला!

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी तो बिघडला. आधी गॅसवाल्याच्या पायाला लागला, मग पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीला. आम्ही ‘हूश’ म्हणून सोडून दिले. एके दिवशी शेजारची सात वर्षांची मुलगी मणगण्याची वाटी घेऊन आली. तो मान जमिनीलगत लांब करून, फुत्कारत आला, तशी ती पाठ फिरवून धावली. त्याने तिची मांडी चोचीत धरून पिळली आणि पंखाच्या सांध्याने मारत राहिला. हा पंखाचा सांधा म्हणजे हाडाची गाठ असते, त्याचा मार काठीसारखा बसतो. दोन आठवडे त्या पोरीच्या मांडीवर काळानिळा डाग होता. तिची आई भांडायला आली नाही. एवढेच म्हणाली, “काकी, तुम्हाला तो काही करत नाही, म्हणून तुम्हाला तो गरीब वाटतो.”

ते वाक्य मला फार लागले. दुसऱ्याच दिवशी मी पशुवैद्यांकडे गेले. माझे सगळे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “हंस किती आहेत?” मी म्हटले, एकच. ते म्हणाले, “मग त्याचा कळप म्हणजे तुम्हीच.”

हंसाचे आणि बदकाचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले की पहिल्या काही तासांत जे हलते-बोलते समोर दिसेल त्याला आपले मानते आणि त्याच्या मागे चालू लागते. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने रानहंसांच्या पिल्लांवर यासंबंधी केलेले काम गाजले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली दोघा शास्त्रज्ञांबरोबर त्यांना नोबेल मिळाले. एकटे वाढवलेले पिल्लू माणसालाच आपली जात समजते. लहानपणी ते आपल्याला गोड वाटते. पण नर वयात आला की स्वजातीच्या इतर नरांशी जसा वागेल तसाच माणसांशी वागतो. घरातली एक बाई त्याची, आणि बाकी येणारे सगळे त्याचे वैरी. आमचा हंस वेडा झाला नव्हता की दुष्ट नव्हता. आम्ही त्याला जे शिकवले तेच तो करत होता.

त्यानंतर आम्ही काय केले ते सविस्तर सांगते, कारण त्या वाचकाच्या शेजाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. सर्वांत आधी घराच्या मागच्या बाजूला, पोफळींकडे, कमरेएवढे कुंपण घातले. पाळीव हंस सहसा फारसा उडत नाही, त्याला तीन फूट पुरतात. वाट, फाटक आणि अंगण त्याच्या नजरेआड गेले, त्याबरोबर निम्मी धावाधाव थांबली, कारण राखायला समोर रस्ताच उरला नाही. मग दोन माद्या आणल्या. पहिला महिनाभर तो त्यांच्याकडे पाहायलाही तयार नव्हता. कुंपणाशी उभा राहून मलाच हाका मारायचा. ते ऐकवत नसे. पण मी त्याला हाताने भरवणे, मांडीवर घेणे पूर्ण बंद केले. पावसाळा लागेपर्यंत तो त्यांच्याबरोबर चरू लागला. माणसांवर धावणे पुरते सुटायला मात्र वर्ष गेले आणि आजही माघ-फाल्गुनात मादी अंड्यांवर बसली की त्या बाजूला मी कुणाला जाऊ देत नाही. हंसाची अंडी उबायला साधारण तीस दिवस लागतात. तेवढे दिवस नर पहारा देणारच. तो त्याचा धर्म आहे, त्याला त्यासाठी मारू नये.

अंगावर आलाच तर धावायचे नाही, पाठ दाखवायची नाही. लाथ मारली तर तो पुढच्या वेळी आणखी चवताळून येतो. हात बाजूला पसरून, आहोत त्याहून मोठे दिसत, सावकाश त्याच्याच दिशेने दोन पावले टाकायची. आमच्याकडे पावसात छत्री हाताशी असतेच. ती उघडून शांतपणे समोर धरली की तो थबकतो, हे मी कितीदा पाहिले आहे. सवय असलेल्या मोठ्या माणसाने त्याला धरावे ते दोन्ही पंख अंगाशी मिटवून, काखेत, डोके मागच्या बाजूला करून. पंखाला धरून किंवा पाय बांधून उलटे लटकवून कधीच नेऊ नये. बाजारात असे सर्रास चालते. पाखरांना असे वेदना देत नेणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसणारा गुन्हा आहे आणि आपण सगळे ते बघून पुढे जातो.

बदकांची गोष्ट थोडी वेगळी. बदके सहसा माणसावर धावत नाहीत, ती एकमेकांना छळतात. पिल्ले घेताना नर-मादी नुसत्या दिसण्यावरून ओळखू येत नाहीत, म्हणून चार आणली की तीन नर निघतात. दोनेक महिन्यांनी आवाज फुटला की कळते. मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी, घसा बसल्यासारखा बोलतो तो नर. पुढे नराच्या शेपटीवर एक-दोन कुरळी पिसे येतात. एका नरामागे चार-पाच माद्या हव्यात. आमच्या वाड्यावर एका घरी तीन नरांत दोन माद्या होत्या. दोघींच्या मानेवर आणि डोक्यामागे एक पीस उरले नव्हते, कातडी लाल झाली होती. घरच्यांना वाटले, रोग झाला. जास्तीचे नर वेगळे केल्यावर सहा आठवड्यांत पिसे परत आली. बदकाचा नर कोंबड्यांत सोडूनही चालत नाही. कोंबडीचे शरीर त्यासाठी घडलेले नसते, तिला जबर इजा होते, जीवही जातो. आपल्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची जुनी रीत आहे. त्यात वाईट काही नाही, पण तिच्याखाली वाढलेले नर मोठे झाल्यावर कोंबड्यांच्याच मागे लागू शकतात. वेळीच वेगळे करावेत.

पाण्याचा मुद्दा त्या पत्रात डासांच्या निमित्ताने आला होता. बदकाला चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढे पाणी लागतेच, नाहीतर डोळे चिकटतात. त्यासाठी तळे खणायची गरज नाही. आमच्याकडे एक जुने रुंद घमेले आहे, चढायला-उतरायला कडेला दोन चिरे लावले आहेत. रोज सकाळी ते पाणी केळींच्या आणि माडांच्या बुंध्याशी ओततो आणि नवे भरतो. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठवडाभर लागतो, रोज बदललेल्या पाण्यात त्याला तेवढी सवड मिळत नाही. डेंग्यूच्या दिवसांत शेजाऱ्यांना भीती वाटणे साहजिक आहे, ती अशी दूर होते. सांडलेले खाणे मात्र संध्याकाळी झाडून उचलावे, उंदीर येतात. आणि पोदेराचा उरलेला शिळा पाव मुलांच्या हातून पाखरांना घालू नये. वाढत्या पिल्लांना नुसत्या पावावर पोसले तर ती खुरटतात. गवत, तांदळाचा कोंडा आणि बागेतल्या गोगलगायी ही त्यांची खरी जेवणे.

राहिली रात्रीची ओरड. हंस उगाच ओरडत नाही. कोल्हा, रानमांजर, अजगर, मोकाट कुत्री, कुणीतरी आसपास असते. थव्याच्या कडेला झोपणारी बदके बाहेरच्या बाजूचा एक डोळा उघडा ठेवून झोपतात, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेले आहे. कडेची बदके अशी अर्धी जागी असतात म्हणून मधली निवांत झोपतात. एकट्या पाखराला कुठली मधली जागा? उघड्यावर ठेवलेले एकटे पाखरू रात्रभर बिथरलेलेच राहणार. आम्ही अंधार पडायच्या आत पाखरे चिऱ्याच्या खोपीत बंद करतो, जाळीची खिडकी शेजाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला आहे आणि बाहेरचा दिवा तिथे पोचत नाही. सकाळी सातला दार उघडतो. बदके बहुधा तोवर अंडी घालून मोकळी झालेली असतात, त्यामुळे अंडीही बागेत शोधत फिरावे लागत नाही. चवथीच्या दिवसांत फटाके सुरू झाले की दाराला गोणपाट लावतो.

आता मागणीबद्दल. बंदी घातली तर काय होईल ते मला दिसते. लोक पाखरे रात्री नदीवर किंवा तळ्यावर नेऊन सोडतील. पाळीव पाखरू तिथे चार दिवस जगत नाही आणि जगले तर रानपाखरांत मिसळते. करमळीच्या तळ्यावर अडया ही रानबदके आणि हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात. घरची पाखरे त्यांच्यात मिसळली तर बर्ड फ्लूसारखा रोग इकडून तिकडे जाण्याची वाट उघडते. केरळात २०२१ च्या जानेवारीत याच रोगापायी बदकांचे कळपच्या कळप मारावे लागले, ते आपण वाचले आहे. पंचायतींनी त्याऐवजी कुंपण, रात्रीची बंद खोप आणि रोजची स्वच्छता एवढे पाळायला लावावे, न पाळणाऱ्याला जरूर नोटीस द्यावी. पशुसंवर्धन खात्याला माझी विनंती आहे की हंस-बदकांच्या वागण्याबद्दल मराठीत आणि कोंकणीत एक साधे पत्रक काढून ते तालुक्याच्या दवाखान्यांत ठेवावे. कोंबड्यांबद्दल पुष्कळ सांगितले जाते, यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. विकणाऱ्यांनी पिल्लू एकेकटे विकू नये, निदान घेणाऱ्याला आधी विचारावे की घरी दुसरे आहे का.

त्या वाचकाच्या शेजाऱ्यांकडचे दोन्ही हंस नर असावेत, असे पत्रातील वर्णनावरून मला वाटते. तसे असेल तर आमच्याकडे गेल्या वर्षीच्या तीन माद्या आहेत. त्या मी त्यांना द्यायला तयार आहे, पैसे नकोत. कुंपण घालून झाले की आपल्या कार्यालयामार्फत निरोप द्यावा आणि घेऊन जायला मोठी, हवा खेळेल अशी टोपली आणावी.

आपली,
एक बागायतदार गृहिणी, डिचोली