खुले पत्र: कलादालन झालं, आता चित्रं टांगायची कुठे तेवढं सांगा

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या एका सामुदायिक कलादालनाचं नूतनीकरण झालं, फीत कापली गेली आणि आता इथे 'आंतरराष्ट्रीय दर्जाची' प्रदर्शनं होतील असं व्यासपीठावरून जाहीर झालं. दालनाचं नाव लिहीत नाही. ज्याला चित्रांशी देणंघेणं आहे त्याला ते ठाऊक आहे. समकालीन कलेचं पहिलं प्रदर्शन लागलं ऐन मे महिन्यात. चार दिवसांत हातकागदावरची तीन जलरंगचित्रं काचेला चिकटली. अशी चित्रं सोडवायला गेलं की रंग काचेवर राहतो, कागदावर नाही. म्हणून हे पत्र.

दालनात एसी नाही, दोन डक्टवाले कूलर आहेत. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आमच्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास येते. कूलर सुरू झाला की बंद दालनात तीच साठ-सत्तरच्या घरात. रात्री आठला चौकीदार बटण बंद करतो, की पुन्हा खाली. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. चारी कडांनी डकवलेला असेल तर त्याला पसरायला जागा उरत नाही. तो मधोमध पोट काढतो आणि काचेला टेकतो. कॅनव्हास सैल पडतो, लाकडी चौकटीचे कोपरे उघडतात. चित्रांना 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, आणि मुख्य म्हणजे ती स्थिर लागते. उद्या तुम्ही एसी दिलात आणि तो दिवसा चालू, रात्री बंद ठेवलात, तर तोही हेच करील. आर्द्रतामापक पाचशे-हजार रुपयांत मिळतो. दालनात एकही नाही. दाराशी ग्रॅनाइटची कोनशिला मात्र आहे, चांगली सहा फुटी.

दिव्यांचं तर विचारूच नका. छतात दोन बाय दोनचे पांढरेफटक एलईडी पॅनेल ठोकलेत. त्यांचा उजेड सरळ खाली पडतो. फरशी लखलखते, चौकटीच्या वरच्या कडेची सावली चित्राच्या कपाळावर येते आणि काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. चित्रावर प्रकाश उभ्या रेषेपासून तीस अंशांनी यावा लागतो. छत बारा फुटांवर आणि चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर असेल, तर दिव्यांची पट्टी भिंतीपासून सुमारे चार फुटांवर हवी. हे गणित दहावीतली पोरगी करून देईल. रंग खरे दिसायचे तर दिव्याचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण) 90 च्या वर हवा. कागदावरच्या कामाला 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात, तैलरंगाला 150 ते 200. इथे कोळशाच्या रेखाटनावर आणि धातूच्या शिल्पावर एकच झगझगाट, कारण सगळ्या दालनाला बटण एकच.

आणि भिंती! लाकडासारख्या दिसणाऱ्या चकचकीत पीव्हीसी पट्ट्यांनी मढवल्यात, आणि वर पाटी: 'भिंतीला खिळे मारू नयेत'. मग कलादालनात मारायचं काय, माशा? दुहेरी टेप लावला तर दुपारच्या उन्हाने तापलेल्या भिंतीवरून चौकट सरकत खाली येते. नायलॉनची दोरी वजनाने ताणते. सकाळी सरळ लावलेलं चित्र संध्याकाळी दोन बोटं खाली. याचं उत्तर जगभर ठरलेलं आहे: अठरा मिलीमीटरचा प्लाय, त्यावर जिप्सम बोर्ड, त्यावर मॅट पांढरा रंग. वरच्या कडेला अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यातून सोडलेल्या स्टीलच्या तारा, आणि प्रत्येक चौकटीला दोन कड्या, वरून एक तृतीयांशावर. ऐंशी फूट भिंतीला हे सगळं, वर ट्रॅकचे दिवे धरून, आमच्या ढोबळ हिशेबाने चार लाखांच्या आत बसतं. नूतनीकरणाला किती गेले? कोणी दीड कोटी म्हणतं, कोणी दोन. दोन-तीन टक्क्यांसाठी चित्रकाराने हात पसरायचे.

व्हिडिओ आणि मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) दाखवायची तर अंधार करता येईल असा एक कोपरा आणि सोळा अॅम्पिअरचे चार-सहा पॉइंट हवेत. आहेत दोन, तेही कूलरने खाल्लेले. जिना वळणाचा, लिफ्ट नाही; आठ बाय सहाचा कॅनव्हास वळणावरच अडतो.

एवढं सोसून प्रदर्शन उभं राहिलं, तर शेवटचे दोन दिवस दालन एका सत्कार समारंभाला दिलं. भाडं आणि त्यावरचा जीएसटी आमच्याकडून पूर्ण सात दिवसांचा घेतलेला. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत कोळशाच्या रेखाटनाला टेकवून ठेवली होती. त्या कामाला काच नव्हती. फिक्सेटिव्ह (कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारलं तरी कोळसा घासला की गेला. खुर्चीच्या पाठीवर काळा पट्टा होता, चित्रात तेवढीच पांढरी वाट. व्यवस्थापकांचं उत्तर: पुसून घ्या ना.

चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली याच नागपुरात जन्मले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. 2025 मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात 67 कोटींच्या वर गेलं. भाषणात त्यांचं नाव घ्यायला तुम्हा मंडळींना फार आवडतं. त्यांचा कॅनव्हास इथे आणून दाखवा, आम्ही जिन्याच्या वळणावर उभे राहतो.

पण हे एका दालनाचं दुखणं नाहीच. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा देऊ म्हटलं आणि वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशनही नागपूरला देऊ म्हटलं. अधिवेशन येतं. डिसेंबरात सिव्हिल लाइन्समधल्या दुभाजकांना रातोरात रंग चढतो, कुंड्या येतात, अधिवेशन संपलं की कुंड्या जातात. पैशाचा अनुशेष मोजायला 1984 साली दांडेकर समितीचा अहवाल आला, त्यानंतर समित्यांवर समित्या. कलेचा अनुशेष कोणी मोजलाच नाही. मोजणार कशाने, टेपने? मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे. आमच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि पुण्या-मुंबईची गाडी धरतात. मग तुम्हीच विचारता, विदर्भात प्रेक्षक का नाही?

तर मागणी एवढीच. पुढच्या निविदेआधी मांडणी करणारा एक माणूस, निदान चौकटी बनवणारा एक कारागीर, त्या खोलीत बोलवा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. तारांची पट्टी आणि आर्द्रतामापक पावसाळ्यापूर्वी लावा. नंतर बुरशी येते आणि ती कागदात शिरली की निघत नाही. सत्कार कुठेही करा, आरक्षित प्रदर्शनात नको. आणि त्या दोन दिवसांचं भाडं परत हवं आहे, जीएसटीसकट. पावती आमच्याकडे आहे.

आपले,
नागपुरातले काही चित्रकार, शिल्पकार आणि चौकटी बनवणारे