वरच्या मजल्यावरच्या ताईंना, ती काळी वायर हातातून काढून घेतल्याबद्दल

ताई, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही "चहा पाजा, झालं" म्हणून विषयच संपवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिलो, आता वाचावंच लागेल तुम्हाला.

मे महिना, बाहेर ४५ डिग्री, कूलर फुल स्पीडवर, तरी मी घामाघूम होऊन फरशीवर बसलेलो न पुढ्यात नवा कॉम्प्युटर. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला जुनी मशीन पुरत नव्हती, चार पैसे वाचतील म्हणून पार्ट बर्डीच्या बाजारातून आणले आणि मोबाइलवर बघून बघून स्वतःच जोडले. पंखे फिरले, लाइट लागले, मी तर बायकोला हाक मारून दाखवलं पण. आणि विंडोज टाकायला गेलो तर ड्राइव्हची यादी रिकामी! दोन एनव्हीएमई (बोर्डावरच बसणाऱ्या चपट्या ड्राइव्ह) लावलेल्या, एकही दिसेना. तीनदा काढून लावल्या, त्यात तो तिळाएवढा स्क्रू सोफ्याखाली गेला, अर्धा तास त्याच्यातच. दुकानवाल्याला फोन केला तर म्हणे ड्राइव्ह खराब निघाली असंल, घेऊन या. दोन्ही एकदम खराब काय बाप्पा?

तुम्ही जिन्यातून जाता जाता दारातूनच विचारलं, "बायोसमधे दिसतात का?" मी म्हटलं बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची स्वतःची सेटिंग) कशाला बघू, विंडोजमधे पाहिजे न मला. तुम्ही हसल्या नाही, चप्पल काढून आत आल्या. बायोसमधे दोन्ही ड्राइव्ह मस्त नावासकट बसलेल्या. तुम्ही म्हणाल्या बायोसला दिसते म्हणजे ड्राइव्ह जिवंत आहे, विंडोजला फक्त तिची भाषा येत नाही, न बायोसलाच दिसत नसती तर मग वायर, पोर्ट, करंट हे बघायचं. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर माझी दुपार वाचली असती.

भानगड निघाली व्हीएमडीची, म्हणजे ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची एक सेटिंग, बायोसमधेच असते. इंटेल प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशिनीत ते चालू असलं की विंडोजच्या सेटअपला ड्राइव्ह दिसत नाही, इंटेलचा रॅपिड स्टोरेजवाला ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उघडून ठेवायचा आणि सेटअपमधे 'लोड ड्रायव्हर' करून तो फोल्डर दाखवायचा. मला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वगैरे काही लागत नव्हतं म्हणून तुम्ही व्हीएमडी बंदच केलं, आणि दटावलं पण, की विंडोज टाकल्यावर आता याला हात लावायचा नाही, नाहीतर मशीन सुरूच नाही व्हायची.

मग माझी ४ टीबीची जुनी हार्ड डिस्क. सात वर्षांची लग्नं आहेत त्याच्यात, काही लोकांनी अजून अल्बम नेले नाही. पॉवरची एक वायर कमी पडली म्हणून जुन्या एसएमपीएसची (मशीनला करंट देणारा डबा) उचलली, नव्यात खट्कन बसली पण, मी बटणावर बोट ठेवलं आणि तुम्ही ओरडल्या. खरं सांगतो, राग आला मला. वायर काढून घेतली तुम्ही आणि मग सांगितलं की डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर डिस्क जागच्या जागी जळते. सात वर्षं, ताई. एका बटणावर होती.

बरोबर वायर लावली तरी डिस्क दिसेना, न या वेळी बायोसमधे पण नाही. मी आणखी वायरी शोधून राहिलो आणि तुम्ही मॅन्युअल मागितलं, जे मी डब्यासकट माळ्यावर टाकलं होतं! त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, दुसरी एम टू खाच (एनव्हीएमई बसते ती) वापरली की साटाचे (हार्ड डिस्कची वायर लागते ते) ५ न ६ नंबरचे पोर्ट बंद. माझी डिस्क ५ वर. २ वर लावली, आली.

शेवटी बॅकअपसाठी आणलेली कोरी डिस्क दिसेना तेव्हा मीच शहाणपणानं डिस्क मॅनेजमेंट उघडलं (तुम्ही बघून राहिल्या होत्या, बोलल्या नाही). तिला इनिशियलाइज केलं (म्हणजे नव्यानं मांडणी करून वापरायला तयार केलं), मांडणीचा जीपीटी हा प्रकार निवडला कारण जुन्या एमबीआरमधे २ टीबीच्या वर चालत नाही, मग व्हॉल्यूम बनवून ड्राइव्हला नाव दिलं. आणि तुम्ही एवढंच म्हणाल्या की इनिशियलाइज करायची का, हाच प्रश्न कधी त्या लग्नांच्या डिस्कवर आला तर ओके दाबायचं नाही, आधी मला हाक मारायची.

तर्री पोहे माझ्याकडून, रविवारी सकाळी, नाही म्हणू नका. आणि ती काळी वायर तुमच्याकडेच राहिली, राहू द्या, मला परत नको.

तुमचा खालचा फोटोवाला भाऊ